दोघांचं लेडल, एकाचा फेटा

लग्नात जेवणाच्या रांगेत ताट घेऊन उभं असलं की शेजारचा माणूस हमखास विचारतो, "पावणं, काय करता तुम्ही?" मी सांगतो, "माणसाला नेमकं काय पाहिजे असतं ते ओळखायचं काम करतो." हे ऐकून एकानं लगेच उजवा तळहात पुढं केला होता. दुसऱ्यानं आवाज बारीक करून मुलीच्या स्थळाचं विचारलं. तिसरा मात्र अस्सल कोल्हापूरचा निघाला. म्हणाला, "मग आत्ता मला काय पाहिजे, सांगा." मी म्हणालो, "पुढचा माणूस लवकर सरकायला पाहिजे." "व्हय की!" म्हणत त्यानं माझ्या पाठीवर अशी थाप मारली की ताटातला पापड फुटला.

खरी गोष्ट अशी की मी कोल्हापूरजवळ शिरोलीच्या एका फाउंड्रीत, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यात, पर्सोनेल ऑफिसर होतो. आता ह्याच कामाला एचआर म्हणतात आणि ते करणारी मंडळी काचेच्या थंडगार खोलीत बसतात. माझी खोली पत्र्याची होती. भिंतीपलीकडं भट्टी. मे महिन्यात माझ्यासमोर रजेचा अर्ज घेऊन आलेला माणूस खरोखर आजारी आहे की घामाघूम झालाय, हे ओळखणं ही माझ्या धंद्यातली पहिली परीक्षा. हजेरी, रजा, भांडणं, युनियनशी बोलणी हे रोजचं. आणि वर्षातून तीन-चार वेळा एक खास प्रयोग, म्हणजे कामगारांसाठी 'प्रेरणा वर्ग'. प्रयोग हा शब्द मी विचार करून वापरतोय. मी वर्ग घेत नसे, मी वर्ग करत असे. खडू हा माझा मुकुट, फळा हा पडदा.

पदविकेच्या अभ्यासातून मी एक त्रिकोण उचलून आणला होता. एका अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं माणसाच्या गरजा पायऱ्यापायऱ्यांनी मांडल्या, त्याचा हा त्रिकोण. तळाला भूक, तहान, झोप. त्यावर सुरक्षितपणा, म्हणजे डोक्यावर छप्पर आणि उद्याची खात्री. त्यावर आपली माणसं. त्यावर मानसन्मान. आणि अगदी टोकावर (इथं मी आवाज खाली आणायचो आणि खडू वर न्यायचो) आपल्या अंगात जे काही आहे ते पुरतं फुलवणं. खालची पायरी भरली की माणूस वरचीकडं बघायला लागतो, असं त्याचं सांगणं. तो शास्त्रज्ञ स्वतः इतका हटवादी नव्हता, हे मला फार उशिरा कळलं. माझ्या नोट्समधला त्रिकोण मात्र दगडी होता.

पहिल्याच वर्गात मागच्या बाकावरून एक हात वर आला. उंच, सावळा, मिशीच्या टोकाला पीळ. कलगोंडा. जयसिंगपूरकडच्या एका गावचा.

"साहेब, एक विचारू?"

"विचारा की."

"आमच्या गावात एक जण हाय. शर्यतीचा बैल पाळलाय. बैलाला रोज दूध, अंडी, बदाम. ह्यो सोता बिनदुधाचा च्या पितो. घराचा पत्रा गळतोय. ह्यो तुमच्या कुठल्या पायरीवर बसतोय?"

वर्ग खदखदला. मी घसा साफ करून म्हणालो, "प्रत्येक नियमाला अपवाद असतो."

"अपवाद कसला? निम्मं गाव तसंच हाय."

त्या दिवशी मी वर्ग दहा मिनिटं आधी सोडला.

दुसरा एक सिद्धांत मला पुस्तकानं नाही, कँटीनच्या आमटीनं शिकवला. सिद्धांत सांगतो की माणसाची नाराजी घालवणाऱ्या गोष्टी वेगळ्या आणि त्याला उमेद देणाऱ्या गोष्टी वेगळ्या. पंखा, संडास, कँटीन ही नाराजीच्या खात्यातली. नसली तर माणूस चिडतो, पण असली म्हणून दुप्पट काम करत सुटत नाही. आमची आमटी इतकी पातळ होती की वाटीत वाकून बघितलं तर भांग पाडता यायचा. मी मालकांच्या मागं लागून नवा आचारी आणला. आमटी झणझणीत झाली, तर्री तरंगायला लागली. आता कामाला कसा जोर येतो ते बघू, म्हणून मी शेडमध्ये मिरवत गेलो. तिथं शिष्टमंडळ तयारच होतं. "साहेब, आमटी चांगली झाल्यापास्नं भात कमी पडाय लागलाय."

असो. ज्यासाठी लिहायला बसलो त्या गोष्टीकडं येतो. ती मी हसत सांगायला सुरुवात करतो, पण शेवटपर्यंत हसू टिकत नाही.

भट्टीत वितळलेल्या लोखंडाला आमच्याकडं रस म्हणतात. शब्द गोड आहे, वस्तू नाही. चौदाशे अंशांच्या आसपासचा, बघवत नाही असा पांढरा-पिवळा उकळता रस. तो भट्टीतून घेऊन वाळूच्या साच्यांपर्यंत न्यायचं जे भांडं, ते लेडल. आतून मातीचा लेप दिलेलं, बादलीपेक्षा मोठं. ते एका लांब आडव्या दांड्यात बसवलेलं असतं आणि दोघांनी उचलायचं असतं. दांड्याच्या एका टोकाला हातगाडीला असतात तशा दोन मुठी. त्या धरणारा माणूस लेडल कलतं करून साच्यात रस ओततो. दुसऱ्या टोकाला नुसता सरळ दांडा. तो धरणारा पुढं चालतो, रस पाठीशी घेऊन.

लेडलची जोडी बैलजोडीसारखी उंची बघून जमवतात. कलगोंडा सरळ दांड्याला, आणि मुठींना साताप्पा. साताप्पा कागलकडचा. कलगोंडा जितका बोलका, तितका हा मुका. 'हाय', 'न्हाय' आणि 'बघू' एवढ्या तीन शब्दांवर तो वर्ष काढायचा. अकरा वर्षं दोघांनी एकच लेडल उचललं. डबा एकत्र, चहाचा एक कप दोघांत. आणि त्यांनी ओतलेली कास्टिंग, म्हणजे साच्यातून निघणारे लोखंडी भाग, कधी बिघडायची नाहीत. दुसऱ्या जोड्यांची दहातली एखादी कुठं पोकळ, कुठं अर्धवट निघायची. ह्यांची निघायची चक्क मंदिरातल्या घंटेसारखी.

हे मला दिसत होतं. पण मला त्रिकोणही दिसत होता. कामगारांना पगार आहे, नोकरी कायम आहे, म्हणजे खालच्या पायऱ्या भरल्या. आता चौथी पायरी, मानसन्मान! मी मालकांना योजना सांगितली, 'वर्षाचा मानकरी'. ज्याच्या हातून सगळ्यांत कमी कास्टिंग खराब झाली त्याला कोल्हापुरी फेटा, शाल आणि फाटकापाशी फोटो. मालक खूश. मी तपासणी खात्याचं रजिस्टर मागवलं. त्यात रकाना होता, 'ओतणारा'. ओतणारा एकच असतो. साताप्पा. पुढं चालणाऱ्यासाठी रकानाच नव्हता आणि तो नाही हे माझ्या लक्षात आलं नाही. मी पर्सोनेल ऑफिसर, माणसं ओळखणारा!

आता खंडेनवमी. कोल्हापूरकडं त्या दिवशी कारखान्यात काम बंद आणि हत्यारांची पूजा. आमच्या फाउंड्रीत रीत अशी की प्रत्येक लेडल धुऊन, हळदीकुंकू लावून मांडायचं, आणि त्याची जोडी त्याच्यापुढं उभी राहायची. एकानं नारळ वाढवायचा, दुसऱ्यानं त्याचं पाणी लेडलवर शिंपडायचं. जोडीतला एक रजेवर असला तरी त्या दिवशी येऊन जायचा. हे सगळं मला माहीत होतं. तरीही मी सत्कार नेमका तेव्हाच ठेवला, कारण त्या दिवशी सगळे नवे कपडे घालून हजर असतात आणि फोटो चांगले येतात.

माईक माझ्याकडं. कमान, झेंडूच्या माळा, खुर्च्या. मी तर सुटलोच होतो. "आणि आता, ज्यांच्या हातात अग्नीसुद्धा शहाण्यासारखा वागतो..." असं म्हणत मी साताप्पाचं नाव पुकारलं. तो जागचा हलेना. दोघांनी ढकलत आणला. फेटा बांधणाऱ्यानं भगवा फेटा असा चढवला की साताप्पाचे कान आत गेले. मग मी त्याच्या हातात कागद दिला. हा बोलणार नाही हे माहीत होतं, म्हणून चार ओळींचं भाषण मीच लिहून ठेवलं होतं. त्यानं शाळेतल्या पोरासारखं अक्षर अन् अक्षर वाचलं. मालकांचे आभार. व्यवस्थापकांचे आभार. सुपरवायझर खोत मामांचे आभार. आणि शेवटी कँटीनच्या आचाऱ्याचे आभार. आचारी मी हशा यावा म्हणून घातला होता. हशा आला. टाळ्या झाल्या. मी कृतकृत्य.

दसऱ्याची सुट्टी संपली आणि कलगोंडा कामावर आला नाही. चार दिवसांनी टपालानं एक ओळ आली. 'घरगुती कारणामुळे राजीनामा देत आहे.'

साताप्पाला दुसरा जोडीदार दिला. चांगला दणकट गडी, उंचीही जुळणारी. तिसऱ्याच दिवशी चालता चालता लेडलला हिसका बसला आणि रस जमिनीवर सांडला. ओल्या वाळूवर पडला तो तडतडत उडाला. दोघांनी उड्या मारल्या म्हणून पाय वाचले, पण त्या गड्याच्या बुटाचा तळ वितळून गेला. आणखी एक जोडीदार दिला, तीच गत. मग साताप्पा माझ्या पत्र्याच्या खोलीत आला. आमच्या दहा वर्षांच्या ओळखीतलं त्याचं सर्वांत लांब वाक्य त्यानं त्या दिवशी उच्चारलं.

"साहेब, मला लेडलवरनं काढा आन् वाळूवर घाला."

जिल्ह्यातला उत्तम ओतणारा माणूस वाळू चाळायला बसला. माझी प्रेरणा योजना सुरू होऊन पंधरा दिवस झाले होते.

मी शेडमध्ये जाऊन त्याला समजावू लागलो. "अहो, ओतता तुम्ही. पुढचा माणूस काय, नुसता चालतो. चालायला काय अवघड आहे?"

खोत मामा शेजारी उभे होते. तीस वर्षं भट्टीपाशी काढलेला माणूस, त्यांना भुवयाच नव्हत्या. ते म्हणाले, "चालून बघता का?"

रिकामं लेडल आणलं. त्यात पाणी भरलं. मी चामड्याचा एप्रन बांधला आणि सरळ दांड्याला उभा राहिलो. मुठींना साताप्पा. अख्खी शेड काम सोडून दोन्ही बाजूंना उभी. प्रेक्षक दिसले की माझी छाती आपोआप पुढं येते. मी ऐटीत पहिलं पाऊल टाकलं आणि मागून लेडल माझ्या कमरेवर आदळलं. दुसऱ्या पावलाला पाणी डाव्या बुटात. तिसऱ्याला उजव्या. साच्यापर्यंत पोचलो तेव्हा लेडलपेक्षा माझ्या विजारीत पाणी जास्त होतं.

"मर्दा, साहेब भाजून मेलं की!" कुणीतरी ओरडलं.

"काय चुकलं माझं?" मी साताप्पाला विचारलं.

"तुमच्या तोंडातनं आवाज न्हाय."

मग खोत मामांनी उलगडून सांगितलं. मुठींकडच्या माणसाचे डोळे रसाच्या झगझगाटानं दिपलेले असतात. त्याला खालची जमीन दिसत नाही. पुढचा माणूस प्रत्येक पावलाला घशातून 'हुं' करतो. चढ आला तर 'हुं' लांबतो, खड्डा असला तर तुटतो. त्या 'हुं'वर मागचा पाय टाकतो. "साताप्पा कलगोंडाच्या डोळ्यांनी चालत हुता, साहेब. तुम्ही फेटा हाताला बांधलासा."

"मग हे त्या दिवशी कुणी बोललं का नाही?"

"माईक तुमच्याकडं हुता." खोत मामा शांतपणे म्हणाले. "आन् तुम्ही स्टेजवर हुतासा तवा कलगोंडा लेडलपुढं नारळ धरून हुबा हुता. साताप्पा येतोय म्हणून. भाषान संपस्तवर हुबा. आचाऱ्याचं नाव आलं, तसा त्यानं नारळ खाली ठेवला आन् गेला."

मी साताप्पाकडं वळलो. "तुम्ही त्याला सांगायचं नाही का, कागद साहेबांनी लिहिला होता म्हणून?"

तो वाळूकडं बघत म्हणाला, "वाचलं कुणी? त्वांड माझंच हुतं की."

मी ओल्या विजारीतच एप्रन सोडून खोत मामांच्या हातात दिला. आयुष्यात इतका मोठा रंगमंच आणि म्हणायला एक ओळ नाही, असं मला दुसऱ्यांदा झालेलं नाही.

रविवारी एसटीनं जयसिंगपूर गाठलं आणि तिथून वडापच्या, म्हणजे माणशी भाड्याच्या, जीपमध्ये कोंबून घेऊन कलगोंडाचं गाव. तो गोठ्यात म्हशीला उसाचं वाडं टाकत होता. दारात त्याची आई बसली होती. तिनं मला नखशिखान्त न्याहाळलं.

"ह्योच का रं त्यो फेटावाला?"

"व्हय अव्वा, ह्योच." कलगोंडा म्हणाला. "बसा साहेब."

मी पोत्यावर बसलो आणि, काय सांगू, सवय ती सवय, खालच्या पायरीपासून चढायला लागलो.

"पगाराचं बघू या आपण."

"कमी कुठं पडतोय?"

"पहिली पाळी कायमची देतो."

"म्हशीला कुठली बी पाळी चालती. मला बी."

"घरच्यासारखी माणसं आहेत तिथं तुमची."

त्यानं म्हशीपुढं आणखी वाडं टाकलं.

"तुमच्याही नावाचा सत्कार करू. मोठा. फाटकावर दोघांचा बोर्ड लावू."

"बोर्ड एसटीला लावत्यात."

"सुपरवायझर करतो."

"आन् खोत मामास्नी काय वाळू चाळायला बसवता?"

त्यानं मिशीला पीळ दिला. "संपल्या पायऱ्या?"

संपल्या होत्या. उरली होती ती एकच गोष्ट, जी कुठल्याच पायरीवर नव्हती आणि जी सांगायला मी तिथवर आलो असूनही टाळत होतो. सांगितली असती तर माझ्या हाताखालच्या माणसापुढं, त्याच्या आईपुढं, त्याच्या म्हशीपुढं माझी अब्रू जाणार होती. न सांगता परतलो असतो तर ही जोडी कायमची मोडणार होती, तीही साताप्पाच्या नावावर.

"कलगोंडा, ते भाषण मी लिहिलं होतं."

त्याचा हात थांबला.

"साताप्पानं वाचला तो कागद माझा. त्यात तुमचं नाव मी घातलं नाही. मला सुचलंच नाही."

"आचाऱ्याचं सुचलं."

"हो."

"मग त्यो बोलला का न्हाय मला?"

"तो म्हणतो, तोंड माझंच होतं."

कलगोंडानं उरलेलं वाडं एक-एक कांडं करून टाकलं. सगळं संपल्यावर हात झटकून, माझ्याकडं न बघता तो बोलला.

"अकरा वरसं रस पाठीला घेऊन चाललोय, साहेब. कधी मागं वळून बघितलं न्हाय. बघायचं कशाला, मागं साताप्पा हाय. त्या दिवशी पयल्यांदा वळून बघितलं, तर मागं कोणच न्हाय."

आत चुलीपाशी गेलेल्या अव्वानं तिथूनच विचारलं, "फेटावाला जेवणार हाय का?" मी जेवलो. भाकरी, वांग्याची भाजी, दही. ताट ठेवताना म्हणालो, "तुमचा राजीनामा मी अजून मालकांपर्यंत पोचवला नाही."

"म्हाईत हाय. तुमच्या टेबलावरनं कागद लवकर कुठं हालतोय?" मग जरा थांबून, "उद्या भट्टी किती वाजता लागणार?"

ती फाउंड्री अजून आहे. पण आता रस मशीन ओततं. वरच्या रुळावरून लेडल सरकत येतं, एक मुलगा काचेमागं बसून बटण दाबतो आणि कास्टिंग बिघडत नाहीत. कुणाचे पाय भाजत नाहीत, हे उत्तमच आहे. मी त्याच्या विरोधात नाही. पण मागं एकदा तिथं गेलो तेव्हा इतक्या गोंगाटातही मला शेड मुकी वाटली. खोत मामा गेले. साताप्पा आणि कलगोंडा दोघंही आपापल्या गावी. मी कोल्हापुरात, राजारामपुरीतल्या एका क्लासच्या हॉलमध्ये व्यवस्थापन शिकणाऱ्या पोरांना तोच त्रिकोण शिकवतो. त्रिकोण वाईट नाही, भूक भूकच असते. फक्त त्यावर चढवायला मी माणसं एकेकटी घेत होतो. म्हणून हल्ली त्रिकोण काढून झाला की खडू ठेवतो आणि पोरांना त्या सोमवारचं सांगतो.

सोमवारी भट्टी लागली. मी मुद्दाम लवकर जाऊन शेडच्या मधोमध उभा राहिलो होतो. खिशात कागद. हो, रात्री पुन्हा चार ओळी लिहिल्या होत्या, ह्या वेळी दोघांच्या नावानं. खोड जात नाही.

साताप्पा वाळूचे हात झटकून आला. लेडलपाशी गेला आणि काही न बोलता सरळ दांड्याच्या टोकाला जाऊन उभा राहिला. मुठी मोकळ्या सोडल्या. ओतणाऱ्याची, मानाची जागा त्यानं कलगोंडासाठी ठेवली होती. सगळ्या शेडला ते कळलं. माझे डोळे तर लगेच भरून आले. वाटलं, बघा, ह्याला म्हणतात...

कलगोंडा एप्रन बांधत आला. थबकला.

"हितं का हुबारलास?"

"तू धर मुठी आज."

"कशाला? मला काय फेटा पाहिजे हाय?"

साताप्पा खाली बघायला लागला.

"सर तिकडं. ही माझी जागा हाय."

"कलगोंडा, माझं चुकलं—"

"सर म्हणतो न्हवं, मर्दा! अकरा वरसांत एकदा तरी तुला माझ्या जागेवर येऊ दिलंय व्हय?"

साताप्पा हसला. दात दिसेपर्यंत. त्याला दात आहेत हे शेडला तेव्हा कळलं. तो दांड्याला वळसा घालून गेला आणि त्यानं मुठी धरल्या.

"ओ राजे, रस थंड व्हाय लागलाय!" खोत मामा गरजले. "लाड घरी करा!"

भट्टी कलली. लेडल भरलं. शेड पिवळी झाली. दोघांनी एकाच वेळी गुडघ्यातून उचल घेतली आणि त्या सगळ्या घरघराटातून आवाज आला. हुं. मग दुसरा. हुं. हुं. मी खिशातून कागद काढला, तोंडावर योग्य तो भाव आणला आणि दोन शब्द बोलायला पुढं झालो. कलगोंडा सरळ माझ्याच दिशेनं येत होता.

"साहेब, वाट!"

फाउंड्रीत रस येत असला की मालकानंसुद्धा वाट द्यायची असते. मी भिंतीला पाठ लावून उभा राहिलो.